चाकाखालची लिंबं

गिअरबॉक्स वॉरंटीत तिसऱ्यांदा बदलून माझी महागडी गाडी काल नागपूरहून सौंसरला परत आली. आज सकाळी आईनं “गिअरबॉक्स नवा म्हणजे गाडी नवी,” म्हणत तिसऱ्यांदा पूजा करून चारही चाकांखाली लिंबं ठेवली. याच गाडीतून रामाकोन्याला माझ्यासाठी पोरगी पाहायला जायचं होतं. मी गिअर टाकला, इंजिन गुरगुरलं, पण गाडी जागची हलली नाही. लिंबं तशीच अख्खी. शोरूमवाला फोनवर गोड आवाजात म्हणाला, “सर, पाठवून द्या, वॉरंटीत आहे.” बाबांनी संत्र्याच्या बगिच्यातून ट्रॅक्टर आणून गाडीला साखळी बांधली. मी न्यूट्रल केलं, त्यांनी ओढलं, अन् चारही लिंबं फचकन फुटली. “झाली पूजा. चाल, उशीर होऊन राहिला,” म्हणत आई पदर खोचून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली. “पोरीवाले काय म्हणतीन?” मी विचारलं. “म्हणतीन, पाहुणे टाइमावर आले.”