मिठाचं पाणी

जुलेखाने अगरूच्या झाडांना कुणालाच धक्का लावू दिला नव्हता. मस्कतला नोकरी करणाऱ्या तिच्या नवऱ्याने, हसनने, शेवटच्या सुट्टीत ती लावली होती. पुढे तो तिकडेच वारला. त्याची कबरही तिने पाहिली नव्हती.

"अम्मी, भोकं पाडून मिठाचं पाणी सोडल्याशिवाय खोडात सुगंधी राळ धरत नाही," लेक शाहीन पुन्हापुन्हा विनवायची.

शेवटी जुलेखाने स्वतःच ड्रिल हातात घेतलं. प्रत्येक भोकाआधी ती खोडावरून हात फिरवत होती.

दोन वर्षांनी शाहीनने काळपटलेल्या लाकडाचा तुकडा निखाऱ्यावर ठेवला. धूर घरभर पसरला. सुट्टीवर आलेला हसन दारातून आत यायचा, तेव्हा त्याच्या कपड्यांना हाच वास असायचा.

तिन्हीसांजेला शाहीन पुढचं दार लावायला उठली.

"राहू दे गं," जुलेखा म्हणाली, "आज थोडा वेळ उघडंच राहू दे."