स्तनपान सप्ताह

विद्यापीठाने आमचं गाव दत्तक घेतलंय, म्हणून स्तनपानावरचं भाषण आमच्या अंगणवाडीत ठेवलं होतं. गोंगाट नको म्हणून बाळं बाहेर ठेवायला लावली. पाहुण्यांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटे चढवण्यातच तास गेला. बाहेर सासूबाईंच्या खांद्यावर माझा चार महिन्यांचा पुट्टू भुकेने रडू लागला, इकडे माझी चोळी भिजली.

मी उठले, तशी विद्यार्थिनी चैत्रा धावत आली. "अक्का, बसा ना! खुर्ची रिकामी दिसली तर सर आम्हाला ओरडतील."

दारातून सासूबाई कडाडल्या, "नीलव्वा, पोराने मूठ चोखून लाल केलीय गं!"

"अज्जी, हळू!" चैत्रा कुजबुजली. "शूटिंग चालू आहे."

पुट्टू रडून रडून उपाशीच झोपला.



शेवटपर्यंत जागा न सोडल्याबद्दल मला 'आदर्श माता' प्रमाणपत्र मिळालं.