आबासाहेबांची खास लाईन

लाईट गेली आणि हॅचरीतले पंखे घरघरत थांबले. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली हजारो पिल्लं जागच्या जागी कोंडली. अंडी उबवायच्या कपाटांची दारं सताड उघडली, तरी ऐन उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या खोलीत वारा कुठला यायला!

मेघनाने टेबलावरचा लाल फोन उचलला. त्याला डायल नव्हतीच. इथे अंथुर्ण्यात उचलला की थेट बारामतीच्या ऑफिसात वाजायचा. नंबर फिरवायचा नाही, ट्रंक कॉल लावून ताटकळायचं नाही. मालक आबासाहेबांनी खास धंद्यासाठी घेतलेली स्वतंत्र लाईन ती. सकाळीच चालू झाली होती. आणि चालू झाल्याबरोबर या शहाण्याने पहिलं काम काय केलं? जनरेटरच्या खोलीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि खिशात घालून बारामतीला नेली.

"तुमी लोक डिझेल चोरता," जाताना म्हणाला. "आता लाईट गेली की फोन करायचा. मी किल्ली धाडतो. विचारल्याबिगर कुलपाला हात लावला, तर नोकरी गेली समजा."

बारामतीहून किल्ली येईस्तोवर पिल्लं काय श्वास रोखून बसणार होती?

"आबासाहेब, लाईट गेलीय. पिल्लं गुदमरतायत. कुलूप तोडू का?"

"आला! आला बघा फोन!" पलीकडे आबासाहेब कुणाला तरी सांगत होते. मागे कपबशांची किणकिण, हशा. लाईनचं कौतुक करायला पाहुणे जमवले होते या बाबाने. "मेघनाबाई, आवाज येतोय का?"

"येतोय. कुलूप तोडू का विचारतेय!"

"शेजारच्या खोलीतनं बोलल्यागत हाय का न्हाय? घ्या, बँकेचं सायेब, तुमी बोला."

साहेब खाकरले. "हॅलो, आवाज येतोय का?"

"येतोय हो! मालकांना द्या, इथं पिल्लं मरतायत!"

"वा, अगदी स्वच्छ!" म्हणत साहेबांनी फोन पुढे सरकवला. मग कोंबडीखाद्याचे व्यापारी. मग आबासाहेबांचे मेहुणे. प्रत्येकाचं तेच. ही माणसं तिरडीवरच्यालासुद्धा हेच विचारतील, असं मेघनाच्या मनात आलं. तिला अक्षरशः किळस आली.

ट्रे उपसणारी बनाबाई कपाटापाशी उभी होती. "बाई, वरच्या ट्रेमधली चोची वासून पडल्यात. काय म्हणत्यात मालक?"

"आवाज येतोय का, म्हणतायत."

"मुडदा बशिवला त्येंचा!"

मेघनाला नोकरी हवी होती. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. तिने एकदा वरच्या ट्रेकडे पाहिलं. मग तिने रिसीव्हर खाली न ठेवता सरळ पिल्लांच्या ट्रेमध्ये टाकला आणि दाराआडची पहार उचलली. बनाबाईने जनरेटरच्या खोलीचं कुलूप ओढून धरलं. दोन-तीन घावांत कोयंडा निखळला.

जनरेटर धडधडला, पंखे फिरले. खालच्या ट्रेमधली पिल्लं हळूहळू माना उचलायला लागली. वरच्यांमधली काही उठलीच नाहीत.

तिने रिसीव्हर उचलला. पलीकडे अजून कौतुक चालूच होतं. "काय चिवचिवाट! एकेक पिल्लू ऐकू येतंय राव! आन् मेघनाबाई, ही धडधड कसली?"

"जनरेटरची."

हशा थांबला. "किल्ली तर माझ्या खिशात हाय."

"राहू द्या तिथंच."

"कुणाला इचारून कुलूप तोडलं?"

मेघनाने मेलेल्या पिल्लांचा ट्रे टेबलावर ओढून घेतला.

"आबासाहेब," ती म्हणाली, "आवाज येतोय का?"

पलीकडे कुणीतरी कप बशीत ठेवला, तेवढं मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं.