बाळंतिणीच्या खोलीत ऊन

मोतीबाईंनी साफ सांगितलं होतं, सव्वा महिना झाल्याशिवाय त्यांची वृंदा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही आणि तिचं बाळही नाही. त्या फटाक्यासारख्या दिव्याचं तर नावच काढायचं नाही, एवढ्याशा पोरीचे डोळे जायचे. आता अंधारात फोटो कसा निघतो, ते फोटोवाल्याने बघावं.

फोटोवाला पोहूमल उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून सायकलला कॅमेरा बांधून बदलापूरला आला होता. त्याने खोली पाहिली. एकच खिडकी, तिलाही वाकळ लावलेली.

मुलगी जन्मली तेव्हा तिचा बाप दिनानाथ विलायतेत होता, अंबरनाथच्या कारखान्याने ट्रेनिंगला धाडलेला. त्याचा सोबती हेमचंद्र उद्या बोटीवर चढणार होता. आज फोटो निघाला तर त्याच्या हाती जाईल, नाहीतर बापाने लेक बघायची ती थेट चालायला लागल्यावर. वृंदा सकाळपासून आईच्या मागे लागली होती. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे वाकळ खाली उतरली.

पोहूमलने ओसरीवरचा लांब आरसा अंगणात मागवला. वृंदाचे वडील, दौलतराव, तो छातीशी धरून उन्हात उभे राहिले. पेन्शनीत निघाल्यापासून घरात कुणी त्यांना काम सांगितलं नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. इतकी खुशीत, की त्यांनी उन्हाचा झोत खिडकीतून थेट नातीच्या तोंडावरच मारला. पोरीने असा टाहो फोडला की मोतीबाई वाकळ उचलायला धावल्या.

झालं, आता फोटो कसला होतोय, वृंदाचा जीव खाली-वर झाला. पण पोहूमल शांत. त्याने एक धुतलेलं धोतर मागितलं, खिडकीसमोरच्या भिंतीवर मच्छरदाणीच्या खिळ्यांना ताणून बांधलं आणि दौलतरावांना सांगितलं, झोत ह्या धोतरावर टाका, बच्चीकडे नको.

झोत धोतरावर आला आणि सगळी खोली उजळली. कुठे टोचेल असा उजेड नव्हता तो, दुधासारखा होता. बाळ रडायचं थांबलं आणि डोळे मोठे करून धोतराकडे बघायला लागलं. वृंदाने तिला उचलून पुढे धरलं, स्वतः मागे पदराआड झाली, आणि पोहूमलने खटका दाबला.

"आ गया, ताई. डोळे उघडे, एकदम फस्क्लास."

वृंदाला हसू आवरेना. बाळंत झाल्यापासून इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

मोतीबाई वाकळ घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि वळून बघतात तो लेकीचा चेहरा. रोज त्या तिला तेल लावत होत्या, शेगडी पेटवत होत्या, डिंकाचे लाडू भरवत होत्या, पण सगळं चिमणीच्या उजेडात. चिमणी जवळ घेऊन बघायचं ते बाळाचं तोंड. वृंदा इतकी वाळलीय, डोळ्यांखाली काळी पडलीय, हे त्यांना आत्ता दिसलं. त्यांनी हातातली वाकळ खाली ठेवली.

"पोहूमलशेठ, थांबा जरा. एक हिचा काढा."

वृंदा संकोचली. अंगावर जुनेर, डोक्याला फडकं बांधलेलं. निदान वेणी तरी घालू दे, म्हणाली.

"काही नको. अशीच काढा," मोतीबाई म्हणाल्या. "बाळ फुकट नाही आलं, ते जावईबापूंनाही दिसू दे."

बाहेर दौलतरावांचे हात भरून आले होते, आरसा खाली यायला लागला होता. हे ऐकलं आणि कुणी न सांगता त्यांनी तो पुन्हा वर उचलला.