खालचा डबा

"बाबा, इकडे या. ही खुर्ची खाली आहे."

"खाली आहे तर मग वर कोण आणणार?" दारातच उभ्या असलेल्या सुधाकररावांनी विचारलं. "रिकामी म्हण, नचिकेत. रिकामी!"

पलासिया भागातल्या त्या डोळ्यांच्या क्लिनिकात हिंदी बोलणाऱ्यांत बसलेली दोन मराठी माणसं हसली. नचिकेत ओशाळला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, सांवेर रोडच्या कारखान्यात साठ माणसं याच्या हाताखाली, आणि चारचौघांत हे असं. पण तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तराला कोण सांगणार? दिवसभर हिंदी बोलून घरी आलेल्या पोराच्या तोंडून 'खाली' निघालं, की यांनी 'रिकामं' म्हटलंच. जेवणाचं ताट असो नाहीतर गॅसचं सिलिंडर.

विष्णू कंपाउंडरनं त्यांना बसवलं आणि दोन्ही डोळ्यांत औषध घातलं. "अंकलजी, आधा घंटा आँख नहीं खोलना."

या अर्ध्या तासाचीच नचिकेत वाट बघत होता. आई गेली त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून बाबांनी टेपरेकॉर्डरला हात लावला नव्हता. दिवाळीत छत्रीबागेतलं घर सोडून फ्लॅटमध्ये आले, तेव्हा कॅसेटांचे डबे नचिकेतनं ताब्यात घेतले. बाबांना मोतीबिंदूमुळे समोरचं अक्षर दिसत नव्हतं, त्यामुळे आवरणं, निवडणं सगळं यानं एकट्यानं केलं. चार महिने एकही रविवार सोडला नाही. एकेक कॅसेट वाजवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. आता कॉम्प्युटर घरी चालू, आणि गाणं जाल तिथे मोबाईलवर. "एकही आवाज हरवणार नाही, बाबा," असा शब्दच दिला होता त्यानं.

त्यानं इअरफोनचं एक टोक बाबांच्या कानात घातलं, दुसरं आपल्या. आकाशवाणीवरची जुनी मैफल सुरू झाली. कॅसेटची ती खरखरसुद्धा तश्शी. बाबांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली.

"अरे वा रे वा! पलासियात बसून घरचं कपाट ऐकतोय की मी!"

नचिकेतला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मास्तरांकडून शाबासकी म्हणजे काय चेष्टा आहे?

दोन गाणी झाली. मग बाबा हळूच म्हणाले, "आता खालचं लाव."

"खालचं म्हणजे?"

"खालच्या खोलीतलं रे. तुझ्या आईचं."

नचिकेतला काही कळेना. बाबा डोळे मिटूनच सांगू लागले. वर आजोबा झोपलेले असत म्हणून आई दुपारी खालच्या खोलीत गायला बसायची. तिला सांगितलं असतं तर ती लाजून गप्प बसली असती. म्हणून हे जिन्यात टेप घेऊन बसत. अशा अकरा कॅसेटा भरल्या.

"डब्यावर बायकोचं नाव काय लिहायचं, माणसं हसतील. म्हणून नुसतं 'खाली' लिहिलं. आज वर्षभरानं धीर होतोय बघ. लाव."

तो डबा नचिकेतनं पाहिला होता. चपलांचा खोका, वर निळ्या शाईत ठसठशीत 'खाली'. त्यानं वाचलं होतं, आतल्या कॅसेटा कोऱ्या असणार असं धरलं होतं, आणि झाकणही न उघडता तो बाजूला ठेवला होता.

"नेट येत नाहीये इथे, बाबा. आलोच," म्हणून मोबाईलमधून इअरफोनची वायर काढून तो क्लिनिकच्या जिन्यात गेला आणि त्यानं श्रियाला, बायकोला, फोन लावला.

"श्रिया, तो चपलांचा खोका... 'खाली' लिहिलेला..."

"तो? तूच नाही का कचरागाडीत टाकलास दिवाळीत? मी म्हटलं पण होतं, एकदा उघडून तर बघ. तर म्हणालास, अगं लिहिलंय ना, सगळं खाली आहे."

हो, म्हणाला होता. शिवाय सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकला म्हणून गाडीवाल्यानं "बढ़िया, भिया" म्हणत शाबासकी दिली, तेव्हा मान डोलावली होती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. घरात मोबाईल येईपर्यंत आईनं गाणं सोडलेलं होतं. त्या अकरा कॅसेटांबाहेर तिचा गाता आवाज जगात कुठेही नव्हता.

तो परत आला. बाबा तसेच बसले होते, बंद पडलेला इअरफोन कानात तसाच. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून त्यांनी त्याची जागा धरून ठेवली होती.

"सापडलं?"

"बाबा... त्या डब्यावर खाली लिहिलं होतं. मला वाटलं..."

पुढचं सांगायची गरज उरली नव्हती.

त्यांनी ओरडावं म्हणून तो वाट बघत राहिला. एका चुकलेल्या वेलांटीसाठी वर्गच्या वर्ग उभा करणारा माणूस हा! सगळ्या क्लिनिकासमोर वाटेल ते बोलले असते तरी त्यानं आनंदानं ऐकून घेतलं असतं. पण बाबांनी कानातला इअरफोन काढला आणि त्याची वायर बोटांभोवती गुंडाळत राहिले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं.

"दवा लगती है, अंकलजी, अभी ठीक हो जाएगा," विष्णूनं कापूस पुढे केला.

बाबांनी डोळे पुसले. "अक्षर माझंच," ते एवढंच म्हणाले.

नचिकेत समोर उभाच होता. बसायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती. मग बाबांनी शेजारच्या खुर्चीवरचा हात उचलला आणि चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"उभा किती राहशील? बस," ते म्हणाले. "ही खुर्ची खाली आहे."