अण्णांचा हात

मीठ घातलं की नाही, हेच पुरुषोत्तमअण्णांना आठवेना.

भट्टीवर आमटीचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं. मुठीत मीठ घेऊन आपण पातेल्याशी उभे होतो, एवढं पक्कं आठवत होतं. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष विश्वासराव पाहुण्यांना घेऊन स्वयंपाकघरात शिरले. "हे आमचे पुरुषोत्तमअण्णा! गणपतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, म्हणून सगळा अंदाज हाताचा. पण मीठ चुकलं असं अख्ख्या चामराजपेटेत कुणी म्हणून दाखवावं!" पाहुण्यांनी हात जोडले. अण्णांनीही जोडले. जोडले तेव्हा मूठ रिकामी होती. मीठ पातेल्यात गेलं होतं की परत बरणीत, देव जाणे. बरणी तरी केवढी, मूठभर कमी झालेलं तिलाही कळू नये.

बाहेर आरती सुरू झाली. नैवेद्याचं ताट केव्हाच गेलं होतं. आरती संपली, नैवेद्य दाखवला, की लगेच पंगत. आत्ता चाखावं तर देवाआधी उष्टं. अंदाजाने आणखी घालावं, आणि आधी घातलेलं असलं तर घास तोंडात धरवणार नाही. लग्न असो, मुंज असो, पार राजाजीनगरहून बोलावणी यायची ती या हाताला. अण्णांना कोण विचारतो!

"यल्लाप्पा, आमटीत सगळं पडलंय ना रे?"

भट्टी सांभाळणारा यल्लाप्पा हसायलाच लागला. "मला विचारताय अण्णा? उद्या सूर्य येऊन मला विचारेल, कुठून उगवू म्हणून."

"गंमत केली," म्हणत अण्णांनी कपाळाचा घाम पुसला. यल्लाप्पाला कळलं म्हणजे संध्याकाळच्या आत सगळ्या पेटेला कळलं.

डावाच्या कडेला आमटीचा थेंब लोंबत होता. अण्णांचं बोट पुढे गेलं. समोर कोशिंबीर कालवता कालवता तानूबाई टक लावून बघत होती. अण्णांनी बोट पंच्याला पुसलं. देवा, एवढी एक वेळ निभावून ने, ते मनात म्हणाले. मंत्रपुष्पांजली संपली आणि आमटीच्या बादल्या बाहेर पडल्या.

अण्णा दाराआडून पंगत बघू लागले. विश्वासरावांनी आमटी-भाताचा पहिला घास घेतला. जरा थांबले. मग मान डोलावली. "वा! अण्णांचा हात तो अण्णांचा हात!" त्यासरशी ओळीने माना डोलू लागल्या. पुण्याहून नुकताच कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला एक मुलगा काहीतरी बोलणार होता. पण आजूबाजूच्या माना पाहून तोही "मस्त" म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. उगीच घाबरलो, म्हणत ते स्वतः बादली घेऊन पंगतीत फिरले. नको नको म्हणणाऱ्यांनाही त्यांनी आग्रहाने वाढलं.

पंगत उठली. तानूबाई उष्टी पानं उचलू लागली आणि अण्णांची नजर पानांवर गेली. लिंबाच्या फोडी बऱ्याच पानांत तशाच होत्या. चटणीही उरली होती. मीठ मात्र एकाही पानात नव्हतं. विश्वासरावांनी तर मिठाची जागा बोटाने निपटून घेतली होती.

अण्णा तसेच आत धावले. बरणीत हात घातला, तोच डोळ्यांवर झगझगीत उजेड आला. दारात विश्वासराव उभे होते, शेजारी कॅमेरा घेऊन व्हिडिओवाला. "हा हात घ्या, हा! नीट जवळून घ्या!"

अण्णांचा हात बरणीत तसाच राहिला. तानूबाई पानांचा ढीग घेऊन त्यांच्या अगदी शेजारून गेली.

"आमटीला हात लावू नका अण्णा," ती हळूच म्हणाली. "सगळे बघतायत. दुसऱ्या पंगतीला पानातच मीठ स्वल्प जास्त वाढायला सांगितलंय मी."