उपग्रहावरचा केस

तळहातावर मावेल एवढा उपग्रह. त्याच्या पत्र्यावर केस सापडला आणि साहेबांचा पारा चढला.

"वर्षभराची मेहनत एका केसापायी पाण्यात जाईल! केस झाकायला दोन-दोन टोप्या देतो, त्या काय शोभेला? कुणाचा आहे हा?"

साहेबांनी चिमट्यातला केस दिव्याखाली धरला. नखाएवढा, जावळासारखा मऊ.

"माझा असेल, साहेब," मागून सोल्डरिंगवाली चाचरत म्हणाली. "मी एकच टोपी घालते. तुम्हीच म्हणाला होतात, तुला एकच पुरे."

साहेब म्हणाले होते खरे. कॅन्सरच्या उपचारांत तिच्या डोक्यावर केस म्हणून उरला नव्हता तेव्हा.

राग कुठल्या कुठे पळाला.

"पोरी," ते म्हणाले, "उद्यापासून तुलाही दोन टोप्या."